तबकडीच्या मागच्या बाजूचा अर्धा वाटा : क्वीन बँडमध्ये गाणं कुणाचं?

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी इंग्लंडमध्ये क्वीन या बँडची एक छोटी तबकडी बाजारात आली. पुढच्या बाजूला 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', पाच मिनिटं पंचावन्न सेकंदांचं. मागच्या बाजूला 'आय ॲम इन लव्ह विथ माय कार'. पुढचं गाणं तिथे खपाच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि आज पन्नास वर्षांनंतरही जगात कुठे ना कुठे वाजतंच आहे. मागचं गाणं बऱ्याच जणांनी तबकडी उलटून एखाददोनदा ऐकलं असेल, कित्येकांनी तेवढंही केलं नसेल. तरीही तबकडीच्या विक्रीतून दोन्ही गाण्यांच्या रचनाकारांना मिळालेले पैसे सारखेच होते.

पुढचं गाणं गायक फ्रेडी मर्क्युरीचं. मागचं ड्रमर रॉजर टेलरचं. गिटार वाजवणारा ब्रायन मे आणि बास गिटार वाजवणारा जॉन डीकन, या दोघांना या खात्यातून काहीच नाही. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'च्या मध्यावर शब्द थांबतात आणि गिटार गायला लागते ते आठवा. ती सुरावट ब्रायन मेनं बांधलेली आहे. ती बँडमधल्या दुसऱ्या कुणाची नाही, आणि तिच्याशिवाय ते गाणं मला तरी आठवता येत नाही.

चांगली जमलेली मंडळी श्रेयावरून का फाटतात, याचं उत्तर आपण बहुतेक वेळा स्वभावात शोधतो. अमका अहंकारी, तमका लोभी. स्वभावाचा भाग असतोच. पण रॉक बँडच्या बाबतीत भांडणाचं मूळ आधी कायद्यात आहे, आणि ते समजायला फार अवघड नाही. कायद्याच्या लेखी 'गाणं' म्हणजे काय आणि आपल्या कानांच्या लेखी 'गाणं' म्हणजे काय, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पैसा एकीच्या मागे जातो, आपला जीव दुसरीवर जडतो.

एका गाण्यात दोन मालमत्ता

आपण गाणं ऐकतो तेव्हा दोन गोष्टी एकदम ऐकत असतो. पहिली म्हणजे रचना: शब्द आणि चाल. ही कागदावर उतरवता येते आणि उद्या कुणीही ती गाऊ शकतं. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण: अमुक दिवशी, अमुक स्टुडिओत, अमुक माणसांनी ती रचना जशी वाजवली तशी टेपवर पकडलेली. दोन्हींवर वेगवेगळा स्वामित्वहक्क असतो आणि दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात.

ध्वनिमुद्रण सहसा रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं. विक्रीतला ठरलेला हिस्सा ती बँडला देते आणि बँडवाले तो आपसांत वाटून घेतात. इथे सगळे एका पंगतीला बसलेले असतात. रचनेचे पैसे मात्र फक्त रचनाकार म्हणून ज्याचं नाव लागलं त्याला, आणि गाण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या त्याच्या प्रकाशकाला. रेडिओवर गाणं लागलं, दुसऱ्या कुणी ते गायलं, जाहिरातीत किंवा चित्रपटात घेतलं, की पुन्हा पैसे. हे रचनाकार हयात असेपर्यंत आणि ब्रिटनच्या आजच्या कायद्यानुसार त्याच्यामागे आणखी ७० वर्षं चालतं. मर्क्युरी २४ नोव्हेंबर १९९१ला गेला. त्याच्या एकट्याच्या नावावरच्या गाण्यांचा हक्क तिथे २०६१ साल संपेपर्यंत टिकेल.

म्हणजे लेबलवर नावाच्या जागी कुणाचं नाव छापायचं हा प्रश्न दिसतो मानाचा, पण असतो नातवंडांच्या घराचा.

आता ती तबकडी. ब्रिटनच्या तेव्हाच्या कायद्यात रचनेच्या हक्कापोटी रेकॉर्डच्या किरकोळ किमतीच्या ६.२५ टक्के रक्कम ठरलेली होती. समजा रेकॉर्ड १०० रुपयांची, तर ६ रुपये २५ पैसे रचनेचे. लहान तबकडीला बाजू दोन, म्हणून या रकमेचे सरळ दोन भाग. माणसानं रेकॉर्ड कोणत्या गाण्यासाठी विकत घेतली हे कोणी विचारत नाही, विचारता येतही नाही. रेडिओचे पैसे वेगळे, ते जे वाजलं त्याचेच. पण विकल्या गेलेल्या प्रत्येक तबकडीमागे टेलरला मर्क्युरीइतकंच मिळत गेलं, आणि ती तबकडी दहा लाखांवर खपली.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवला की गंमत कळते. ही दोन्ही गाणी 'ए नाइट ॲट दि ऑपेरा' या मोठ्या रेकॉर्डवरची. तिच्यात एकूण १२ गाणी: मर्क्युरीची पाच, मेची चार, टेलरचं एक, डीकनचं एक आणि शेवटी ब्रिटनचं राष्ट्रगीत, मेनं गिटारवर बसवलेलं. प्रत्येक गाण्याला सारखा वाटा धरला तर मोठ्या रेकॉर्डमध्ये टेलर बाराव्या हिश्शाचा धनी. तेच गाणं लहान तबकडीच्या पाठीवर गेलं की निम्म्याचा धनी! आपलंच गाणं मागच्या बाजूला जावं म्हणून टेलर स्टुडिओतल्या कपाटात जाऊन बसला आणि ऐकेपर्यंत बाहेर येईना, अशी गोष्ट सांगितली जाते. ती पूर्ण खरी असो किंवा वाढवलेली, हिशोब पाहिल्यावर मला ती पोरकट वाटत नाही. शिवाय तेव्हाची त्यांची परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. १९७४मध्ये 'किलर क्वीन' हे गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं, तरी जुन्या व्यवस्थापकांशी झालेल्या करारामुळे चौघं आठवड्याच्या तुटपुंज्या पगारावर दिवस काढत होते. नाव झालेलं आणि खिसा रिकामा, अशा माणसाला मागच्या बाजूचा अर्धा वाटा लहान वाटत नाही.

शब्द आणणाऱ्याचं गाणं

मराठी वाचकाला इथे थोडी अडचण येते. आपल्याकडे गीतकार वेगळा, संगीतकार वेगळा, गायक वेगळा. तबकडीवर तिघांची नावं, कामं वाटलेली. तरीही आपल्याकडे एक माणूस वर्षानुवर्षं अंधारातच राहिला: संगीत संयोजन करणारा. कडव्यांमधले व्हायोलिनचे तुकडे, बासरीची ती एक ओळ जी आपण शब्दांआधी गुणगुणतो, ती बसवणारा. अनिल मोहिले यांच्यासारख्या मोठ्या संयोजकाचं काम लाखोंच्या ओठांवर आहे, पण ते काम कुणाचं हे किती जणांना सांगता येईल? कायद्यानं जी रेघ मारली तिच्या पलीकडे ते राहिलं.

रॉक बँडमध्ये ही रेघ आणखी पुसट होते, कारण तिथे बाहेरून कोणी तयार चाल घेऊन येत नाही. चौघं एका खोलीत बसतात. एक जण दोन ओळी आणि पियानोवरचे चार सूर घेऊन येतो. ड्रमर म्हणतो, हे संथ नको, चढं करू. बासवाला एक वळण टाकतो आणि सगळ्यांच्या माना डोलायला लागतात. तिसऱ्या दिवशी जे उभं राहतं ते नेमकं कुणाचं?

क्वीननं यावर सुरुवातीला एक ढोबळ नियम धरला होता: ज्यानं मूळ कल्पना आणि शब्द आणले, गाणं त्याचं. बाकीच्यांनी त्यात कितीही ओतलं तरी ती साथ. अपवाद क्वचित. १९७४चं 'स्टोन कोल्ड क्रेझी' हे चौघांच्या नावावर लागलेलं त्यांचं पहिलं गाणं.

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला हा नियम लावला तर माझ्या मते न्याय होतो, मेच्या गिटारीची हळहळ ठेवूनही. त्या गाण्याचा अख्खा नकाशा मर्क्युरीच्या डोक्यात होता. निर्माता रॉय थॉमस बेकर सांगायचा की मर्क्युरीनं त्याला घरी पियानोवर सुरुवातीचा भाग वाजवून दाखवला, मध्येच हात थांबवला आणि म्हणाला, इथून पुढे ऑपेरा येणार. वेल्समधल्या रॉकफिल्ड स्टुडिओत काम सुरू झालं तेव्हा बाकीच्यांना हे तुकडे एकमेकांना कसे जुळणार याचा पत्ता नव्हता. मर्क्युरी, मे आणि टेलर आपलेच आवाज थरावर थर चढवत दिवसचे दिवस गात राहिले. सर्वांत वरच्या पट्टीतला तो चिरका सूर टेलरचा. टेप इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून आरपार उजेड दिसू लागला. कष्ट सगळ्यांचे होते, पण बांधणी एकाची होती.

हा मर्क्युरी म्हणजे मूळचा फारोख बलसारा, झांझिबारला पारशी घरात जन्मलेला, आणि शाळेची वर्षं आपल्या पाचगणीत काढलेला. सेंट पीटर्स शाळेत मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड केला होता, त्यात तो पियानो वाजवायचा. पुढे जगातल्या मोठ्यात मोठ्या गायकांत गणला गेलेला माणूस बँडमध्ये आधी पियानोवर साथीला बसत होता, ही गोष्ट मला या विषयात फार महत्त्वाची वाटते. साथ करणाऱ्याचे हात काय करतात हे त्याला ठाऊक होतं.

'रेडिओ गा गा'च्या वेळी ते दिसलं. १९८४ सालचं हे गाणं टेलरचं. त्यानं मूळ गाणं आणलं, पण त्यात आणखी काही दडलं आहे हे मर्क्युरीला जाणवलं. टेलर सुट्टीवर गेला असताना मर्क्युरीनं ते उलगडलं, पुन्हा जुळवलं, त्याला आज आपण ओळखतो तो घाट दिला. नाव मात्र एकट्या टेलरचंच राहिलं. नियम म्हणजे नियम. मेच्या गिटारीचं श्रेय ज्या नियमानं मर्क्युरीकडे गेलं, त्याच नियमानं मर्क्युरीची मेहनत टेलरच्या खात्यात जमा झाली.

या नियमाचा त्रास असा की तो कामाच्या जागी घुसतो. गाण्याची निवड करायला चौघं बसले की प्रत्येक मताच्या मागे एक सावली उभी राहते. हे गाणं चांगलं म्हणून तू त्याच्या बाजूनं बोलतोयस की तुझं म्हणून? रेकॉर्डवर जागा मोजक्या, लहान तबकडीवर फक्त दोन. १९७७मध्ये एका बाजूला मर्क्युरीचं 'वी आर द चॅम्पियन्स' आणि दुसऱ्या बाजूला मेचं 'वी विल रॉक यू' गेलं, तेव्हा दोन्ही गाणी इतकी जबरदस्त होती की वादाला जागाच नव्हती. पण अशा जोड्या रोज जमत नाहीत.

आणि क्वीनमध्ये लिहू शकणारे चारही होते! हे फार दुर्मीळ आहे. सर्वांत शांत, मुलाखतींपासून दूर राहणारा डीकन. त्यानं १९८०मध्ये 'अनदर वन बाइट्स द डस्ट' आणलं, बासवरच्या मोजक्या सुरांवर उभं असलेलं. टेलरला ते नृत्यसंगीताकडे झुकलेलं रुचलं नव्हतं. ते अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. चौघांपैकी प्रत्येकानं स्वतंत्रपणे मोठं यश मिळवणारी गाणी लिहिली, आणि २००३मध्ये अमेरिकेतल्या गीतरचनाकारांच्या सन्मान-दालनात चौघांनाही एकत्र जागा मिळाली. पण अशा घरात रोज स्वयंपाकाला चार आचारी असतात, आणि चुली दोनच.

न्यायालयात गेलेले

क्वीनचं भांडण खोलीतच राहिलं. इतरांचं राहिलं नाही, आणि त्या खटल्यांतून कायदा नेमकं काय पाहतो ते कळतं.

१९६७च्या उन्हाळ्यात 'प्रोकॉल हारम' या इंग्लिश बँडचं 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' इंग्लंडमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शब्द कीथ रीडचे, संगीत गायक गॅरी ब्रूकरचं, अशी नोंद. पण ते गाणं कुणालाही आठवायला सांगा, माणूस शब्दांनी सुरुवात करणार नाही. तो ऑर्गनची ती संथ, जुना जर्मन संगीतकार बाख याच्या छायेतली सुरावट गुणगुणेल. नाट्यसंगीतावर वाढलेल्या आपल्या जुन्या श्रोत्यांना ऑर्गन नवा नाही. तोच भरदार सूर, पण इथे तो गाणाऱ्याच्या मागे न चालता पुढे होऊन दार उघडतो. ती सुरावट मॅथ्यू फिशर या वादकानं बांधली होती. त्याचं नाव रचनाकारांत नव्हतं.

फिशर २००५मध्ये न्यायालयात गेला, तब्बल ३८ वर्षांनी. ब्रूकरचं म्हणणं होतं की फिशर बँडमध्ये येण्याआधीच गाणं तयार होतं. शब्द होते, चाल होती, खाली उतरत जाणाऱ्या सुरांची चौकट होती. ते खरंही होतं. प्रश्न एवढाच की त्या चौकटीत फिशरनं जे भरलं ती साथ की रचना?

डिसेंबर २००६मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की ती रचना आहे. ऑर्गनची सुरावट म्हणजे चौकटीतून आपोआप निघणारं वादन नाही. ती स्वतंत्र, ओळखू येणारी आणि गाण्याचा मोठा भाग आहे. संगीताच्या हक्कात फिशरचा वाटा ४० टक्के. २००८मध्ये अपील न्यायालयानं त्याला सहरचनाकार मानलं, पण इतका उशीर केल्यावर पैशात वाटा नाही, असा बहुमतानं निर्णय दिला. अखेर ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाच्या, पाचही न्यायमूर्तींनी एकमतानं वाटा परत दिला. पैसे मात्र २००५मध्ये दावा केल्यापासून पुढचेच. त्याआधीच्या ३८ वर्षांत फिशर गप्प राहिला म्हणजे त्यानं गाणं वापरायला मूकसंमती दिली होती, ती दाव्याच्या दिवशी संपली, असा तो तर्क.

फिशर इतकी वर्षं का बोलला नाही? त्याची बाजू अशी की तेव्हा हट्ट धरला असता तर बँडमधली जागाच गेली असती. मला हे अगदी पटतं. विशी गाठलेला, नुकताच आत घेतलेला वादक, पहिलंच गाणं आकाशाला भिडलेलं. अशा वेळी कोण म्हणणार, थांबा, आधी कागदावर माझं नाव लिहा?

याच्या उलटा निकाल १९९९चा. स्पँडाउ बॅले या बँडच्या तिघांनी गॅरी केम्प या आपल्याच सोबत्यावर दावा लावला. बँड पुढच्या पिढीतला, पण प्रश्न तोच. 'ट्रू' या त्यांच्या गाण्यातला सॅक्सोफोनचा तुकडा लोकांना पाठ आहे, तो स्टीव्ह नॉर्मनचा. न्यायालयानं ऐकून घेतलं आणि दावा फेटाळला. केम्प शब्द आणि चाल पूर्ण करून, गिटारवर वाजवून सगळ्यांना ऐकवत असे. तिथेच रचना संपली. नंतर बाकीच्यांनी जे केलं ते उत्तम होतं, कौशल्याचं होतं, पण ते वादन होतं.

दोन निकाल शेजारी ठेवले की कायद्याची नजर दिसते. तो कष्ट मोजत नाही, वेळ मोजत नाही, लोकांना काय आवडलं हेही मोजत नाही. तो दोनच गोष्टी विचारतो: रचना नेमकी कुठल्या क्षणी पूर्ण झाली, आणि तुझी भर त्या क्षणाआधीची, स्वतःची आणि मोठी होती का? ज्या बँडमध्ये एक जण घरून पूर्ण गाणं घेऊन येतो, तिथे उत्तर सोपं. खोलीत सगळ्यांच्या हातांखाली गाणं घडतं, तिथे त्या क्षणावर बोट ठेवणं जवळजवळ अशक्य.

आणि साक्षीदार कोण? तेच, ज्यांना वाटा हवा आहे. १९८१मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी क्वीनच्या स्टुडिओत इंग्लिश गायक डेव्हिड बोवी आला आणि 'अंडर प्रेशर' तयार झालं. त्या गाण्यातली ती बासवरची छोटीशी धून आज जगाला ठाऊक आहे. ती कुणाला सुचली याबद्दल हजर असलेल्यांच्या आठवणी जुळत नाहीत. सोबती डीकनचं नाव घेतात, आणि खुद्द डीकननं ते बोवीचं काम म्हटलेलं आहे. कोणी खोटं बोलतंय असं मला वाटत नाही. पाच जण एका खोलीत वाजवत असताना कल्पना कुणाच्या बोटांतून आली हे त्या पाचांनाही कळत नाही, आणि वर्षं गेली की प्रत्येकाची आठवण आपापल्या बाजूनं घट्ट होते. सुदैवानं त्या गाण्यावर आधीच पाचांची नावं होती. १९९०मध्ये व्हॅनिला आइस या अमेरिकन रॅपरनं तीच धून न विचारता उचलली, तेव्हा प्रकरण मिटवून त्याला क्वीन आणि बोवीची नावं आपल्या गाण्यावर लावावी लागली. बासवरच्या काही सुरांची किंमत तेव्हा सगळ्यांना नीट कळली.

काही जण हे सगळं आधीच ओळखून करार करतात. बीटल्स या बँडच्या जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी पोरवयातच ठरवलं होतं की कुणीही लिहिलं तरी नाव दोघांचं. ते टिकलं, पण सल राहिला. 'येस्टरडे' हे १९६५चं गाणं मॅकार्टनीनं एकट्यानं केलं. ध्वनिमुद्रणात बीटल्सपैकी दुसरं कोणी नाही, सोबत फक्त चार तंतुवाद्यं, तीही निर्माता जॉर्ज मार्टिनच्या मदतीनं बसवलेली. तरी लेबलवर पहिलं नाव लेननचं. २००२च्या एका रेकॉर्डवर मॅकार्टनीनं १९ गाण्यांपुरता नावांचा क्रम उलटा केला आणि लेननच्या पत्नीनं त्याला हरकत घेतली. पैशाचा एक पैसाही इकडचा तिकडे होणार नव्हता, वाद फक्त आधी कोण याचा होता. त्याच बँडमध्ये जॉर्ज हॅरिसन या दोघांच्या कराराबाहेर उभा होता. रेकॉर्डवर एकदोन जागा मिळवत राहिला, आणि बँड फुटल्यावर १९७०मध्ये त्यानं साठलेली गाणी थेट तीन तबकड्यांच्या संचात आणली. बंद दारामागे किती पाणी तुंबलं होतं, ते त्या संचाच्या जाडीवरून कळतं.

चार नावांचं एक नाव

१९८८मध्ये क्वीननं 'द मिरॅकल' या रेकॉर्डचं काम हाती घेतलं तेव्हा चौघांची पंधरा वर्षं या हिशोबात गेली होती. मर्क्युरीची तब्येत ढासळू लागली होती. त्यांनी ठरवलं की यापुढे गाणं कुणाचंही असो, नाव 'क्वीन' एवढंच लागेल आणि पैसे चौघांत सारखे.

१९८९मध्ये ती रेकॉर्ड आली आणि प्रत्येक गाण्याखाली एकच शब्द होता. या निर्णयामुळे स्टुडिओतली हवा बदलली असं मे आणि टेलर दोघंही पुढे सांगत आले आहेत. आता गाणं निवडताना सावली उरली नाही. दुसऱ्याच्या गाण्यात आपलं उत्तम ते टाकायला हात आखडेना.

या तोडग्यात अन्याय नाही असं नाही. ज्यानं रात्री जागून शब्द जुळवले त्याला आणि ज्यानं त्या दिवशी फक्त हजेरी लावली त्यालाही सारखंच. 'द डोअर्स' या अमेरिकन बँडनंही सुरुवातीला सगळी गाणी चौघांच्या नावावर ठेवली होती, आणि १९६९च्या चौथ्या रेकॉर्डवर पुन्हा वेगवेगळी नावं आली. समान वाटा टिकायला चौघांचीही गाणं देण्याची ऐपत साधारण एका तोलाची लागते आणि एकमेकांबद्दल आदर लागतो. क्वीनकडे पहिली गोष्ट नेहमीच होती. दुसरीही होती, पण जुन्या नियमाखाली ती रोज घासली जात होती.

श्रोता म्हणून आपलं थोडं नुकसानही झालं. कुठलं गाणं कुणाच्या मनातून आलं हे लेबलवरून कळेनासं झालं. १९९१च्या 'इन्युएंडो'मधलं 'द शो मस्ट गो ऑन' ऐकताना वाटतं की मर्क्युरी स्वतःबद्दलच लिहून गातो आहे. ते बहुतांशी मेनं लिहिलं, आपल्या आजारी मित्राकडे पाहत, आणि तो मित्र ते गायला उभा राहिला. त्यातलं कुठलं अक्षर कुणाचं हे वेगळं काढून वाटे घालायची कल्पनाही आता नकोशी वाटते.

त्याच रेकॉर्डवर 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ज' नावाचं आणखी एक गाणं आहे, जुन्या दिवसांकडे मायेनं वळून पाहणारं. ते मुख्यतः टेलरचं. मर्क्युरी गेल्यावर पंधरा दिवसांत, डिसेंबर १९९१मध्ये, क्वीननं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची तबकडी पुन्हा काढली आणि जोडीला हे गाणं दिलं. ती पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेली आणि पाच आठवडे तिथे राहिली. यावेळी उत्पन्न गेलं टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे.

सोळा वर्षांनी तेच दोघं पुन्हा एका तबकडीवर पाठीला पाठ लावून आले होते. एका बाजूला १९७५चंच गाणं, खाली मर्क्युरीचं नाव. दुसऱ्या बाजूला टेलरचं गाणं, आणि त्याखाली टेलरचं नाव नव्हतं.